सात भट्ट्यांची राख

आण्णांच्या हातातली सांडशी सुटली आणि वितळलेल्या चांदीची मूस फरशीवर आडवी झाली. चांदी पाण्यासारखी पळाली. बजा उडी मारून ओट्यावर चढला. मी दारात होतो, तिथंच भिंतीला चिकटलो.

"कुणाला लागलं का?" मामा पुढच्या खोलीतनं ओरडत आला.

कुणाला लागलं नव्हतं. आण्णा मात्र तसेच उभे. उजवा हात पुढं धरलेला आणि मनगटाच्या पुढचा पंजा खाली लोंबत होता. मेलेल्या कोंबडीची मान लोंबते तसा.

"आण्णा, पंजा वर करा बघू," मामा म्हणाला.

"करतोय की."

"करा की मग."

आण्णांनी जोर लावला. कपाळावरची शीर फुगली. दंड थरथरला. पंजा हलला नाही.

"झोपला असंल," बजा वरनंच म्हणाला. "वैनीच्या आठवणीत उशाला घेतला असंल."

एरवी आण्णांनी त्याला आईवरनं शिवी हासडली असती. त्या दिवशी नाही. डाव्या हातानं उजवा पंजा उचलला, छातीशी धरला आणि बाकड्यावर जाऊन बसले. दुसऱ्याचं पोर मांडीवर घ्यावं तसं बसले.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. नेल्लूरची. मी एकोणीस वर्षांचा होतो.

आम्ही खानापूर तालुक्यातली माणसं. गलाईवाले. देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, मागच्या बोळात आमच्याकडचा एखादा तरी माणूस जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करत बसलेला दिसेल. माझा अधिकमामा नेल्लूरला होता. बारावीला केमिस्ट्रीत नापास झालो तसं आईनं मला त्याच्याकडं लावून दिलं. दुकानात चार माणसं. मामा, बजा, मी, आणि आकाराम आण्णा. आण्णा चोपन्न वर्षांचे, आमच्याच गावचे. मामाला हे काम त्यांनीच शिकवलेलं. तीस वर्षं भट्टीपुढं. डोळे मिटून, नुसत्या रंगावरनं चांदी किती टंच, म्हणजे किती शुद्ध झाली ते सांगायचे... म्हणजे डोळे मिटून नाही, किलकिले करून. गिऱ्हाइकं मामाला नाही, आण्णांना विचारायची.

काम सोपं होतं सांगायला. जुन्या चांदीत तांबं असतं, जस्त असतं. ती चांदी शिशाबरोबर वितळवायची. खाली हाडाच्या राखेची वाटी. जनावरांची हाडं जाळून केलेली राख, पोत्यानं मिळायची. ती दाबून खोलगट वाटी करायची. वरनं वारा मारायचा. शिसं सगळी घाण सोबत घेतं आणि वाटीत जिरतं, वर चांदी उरते. थोडं शिसं धूर होऊन उडतं.

तो धूर गोड असतो. हे कुणी सांगत नाही. जिभेच्या मागं एक गोडसर चव बसते, चहात, भातात, स्वतःच्या थुंकीत. मी अजून पेढा खाऊ शकत नाही.

आणि आमच्याकडं काहीही टाकत नाहीत. हात धुवायचे ते टबात, गटारात नाही. टबातला गाळ वाळवायचा आणि भट्टीत घालायचा. दुकान झाडलं की कचरा डब्यात. वर्षाचे कपडे जाळून राख ठेवायची. सगळ्यात थोडी थोडी चांदी असते ना. भट्टीवर एक्झॉस्ट फॅन होता. त्याच्या भोकात मामानं पोतं कोंबलेलं. फॅन लावला की धुराबरोबर चांदीपण जाते म्हणून. फुटलेल्या वाट्या कुटायचं काम माझं. कुटायच्या, चाळायच्या, त्या भुकटीत निम्मी नवी राख घालायची आणि पुन्हा वाट्या दाबायच्या. असं चालू. एकच राख सात-सात वेळा भट्टीत जायची.

डॉक्टर वेणुगोपाल दिवसा मोठ्या दवाखान्यात असायचे, संध्याकाळी आमच्या गल्लीच्या टोकाला बसायचे. त्यांनी आण्णांचा ओठ वर केला आणि टॉर्च मारला. हिरड्यांवर निळसर काळी रेघ होती, शाईचं बोट फिरवल्यासारखी. रक्त चेन्नईला पाठवलं. रिपोर्ट आला. शिसं पाचच्या आत पाहिजे तिथं बासष्ट.

"भट्टी बंद," डॉक्टर हिंदीत म्हणाले. "तीन महिने भट्टीच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. नाहीतर हा हात विसरा. नंतर दुसरा हात. नंतर डोकं."

घरी येताना आण्णा म्हणाले, "गावाला जाऊन काय करू? पारावर बसून कुत्री मोजू?"

"आण्णा, तीनच महिनं," मामा म्हणाला.

"अधिक, हात हाय तवर मी हाय. हात गेला की मी तुझ्या दारात भाकरी मागायला बसलेलं म्हातारं. मला हितंच ऱ्हाऊ दे. हात हितंच बरा करू."

मामाला तेच पाहिजे होतं. अक्षय्य तृतीया पंधरा दिवसांवर होती आणि आण्णांशिवाय मोठ्या वजनाची चांदी भट्टीतनं उतरवणारं दुसरं कुणी नव्हतं. मामा वाईट नव्हता. तो त्या दिवशी जेवला नाही, हे मी बघितलंय. पण त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "इंद्या, तू दिवसभर त्या मोबाईलात डोकं घालून असतोस. शिशावर काय उपाय हाय बघ की."

मी बघितला. दोन दिवस बघितला. तेव्हा मला वाटायचं की मी नापास झालो ते मास्तरच बेकार होते म्हणून. इंग्रजी पानं शब्द शब्द लावून वाचली. आणि तिसऱ्या दिवशी जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं.

"शिसं शरीराला फसवतंय," मी म्हणालो. "शरीराला वाटतंय कॅल्शियमच आलं. मग ते नेऊन हाडात ठेवतंय. पण आधीच पोटात कॅल्शियम भरपूर असलं तर शिशाला आत शिरायला दारच मिळत नाही. तसंच लोहाचं. लोह कमी पडलं की शिसं जास्त शिरतंय. आणि क जीवनसत्त्व. आणि जस्त."

"जस्त तर आपल्याकडं लई हाय," बजा म्हणाला.

"गप रे," मामा म्हणाला. "बोल तू."

मला असं कुणी 'बोल तू' कधी म्हणालं नव्हतं.

मी भिंतीवर कागद चिकटवला. सकाळी कॅल्शियमची गोळी, दह्याबरोबर. दुपारी लोहाची, लिंबाच्या सरबताबरोबर. रिकाम्या पोटी भट्टीपुढं जायचं नाही. शालनमामी वरच्या मजल्यावर राहायची, आमचा सगळ्यांचा स्वयंपाक तीच करायची. तिनं नाचणीच्या भाकरी सुरू केल्या. सगळं बरोबर होतं. एकही गोष्ट खोटी नव्हती. फक्त प्रत्येक पानावर पहिलीच ओळ असायची: आधी शिसं आत जाणं थांबवा, मग बाकीचं. ती ओळ मी मोठ्यानं वाचली नाही. ती वाचली असती तर फॅनच्या भोकातलं पोतं काढावं लागलं असतं. आण्णांना गावाला पाठवावं लागलं असतं. मग मला कुणी विचारलं असतं?

मला सगळे डॉक्टर म्हणायला लागले. बजा चेष्टेनं, मामा निम्म्या चेष्टेनं. आण्णा मात्र खरंच.

"डॉक्टर, आज बोट हललं बघ," ते एका सकाळी म्हणाले. करंगळी जरा वर झाली होती. मीच जग जिंकल्यासारखा नाचलो. आणि मामानं त्याच दिवशी त्यांना पुन्हा भट्टीपुढं बसवलं. डाव्या हातानं काम करायचं, उजव्यानं नुसतं दाखवायचं. "आता गोळ्या चालू हायत की," तो म्हणाला. शेजारच्या दुकानातले दोघंही माझ्याकडं कागद मागायला आले. मी दिला. किळस येते आता. मी चांगल्या अक्षरात लिहून दिला, खाली सहीसुद्धा केली.

मग एक दिवस बजानं गोळ्यांची पट्टी उलटी करून वाचली. त्याला इंग्रजी येत नव्हतं पण चित्र होतं. शिंपल्याचं.

"डॉक्टर, ह्ये काय हाय?"

मी वाचलं. शिंपल्यापासून केलेलं कॅल्शियम.

"आयला! आण्णा, महिनाभर शिंपल्या खाल्ल्या की तुमी! माळकरी माणूस! आता रविवारी आमच्याबरं मटनाला बसा."

आण्णांचा चेहरा उतरला. गळ्यातल्या माळेवर हात गेला. उजवा नाही, डावा. तीस वर्षं त्यांनी अंडंसुद्धा शिवलं नव्हतं. मामी त्यांच्यासाठी वेगळं पातेलं ठेवायची. त्यांनी टबात चूळ भरली, दोनदा, तीनदा. मग भिंतीकडं तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशी गोळी घेतली नाही. तिसऱ्या दिवशीपण नाही.

"आण्णा, औषधाला विटाळ नसतो," मामा म्हणाला.

"तुला नसंल."

"अवो, मग हात कसा यायचा?"

"जाऊ दे हात."

असं ते म्हणाले, पण लोंबणाऱ्या पंजाकडं बघत म्हणाले. मामाला ते बघवलं नाही. तो येरझाऱ्या घालायला लागला आणि राखेच्या पोत्यापाशी थांबला.

"डॉक्टर," तो म्हणाला. "हाड म्हंजे कॅल्शियमच ना?"

"होय."

"आणि जळल्यावर?"

"जळलं तरी राहतंय कॅल्शियम."

"मग हे काय हाय आपल्या घरात? पोतं भरून?"

"अधिक, ती तर हाडंच की!" आण्णा ओरडले. "शिंपल्या परवडल्या."

"हाडं होती. आता राख हाय. गोळीतलं शिंपलं आगीतनं गेलंय का? न्हाई. नुसतं कुटलंय. ह्ये आगीतनं आलंय. आण्णा, तुमीच मला शिकवलं. पहिल्या दिवशी. अग्नीतनं निघालं त्याला डाग नाही. गटारातलं सोनं देवाच्या मुकुटाला कसं चालतंय मग?"

आमच्या धंद्यात ह्याच्यापुढं बोलायची सोय नाही. आम्ही मढ्याच्या अंगावरचं सोनं वितळवतो आणि त्याच सोन्याचं मंगळसूत्र होतं. आग मध्ये आली की मागचं सगळं मिटतं. हा आमचा देव आहे, दुसरा नाही.

मग आण्णा म्हणाले, "पोत्यातली नको पण. ती एकदाच जळलेली. कुणी, कुठं जाळली कुणाला ठावं. कुटलेल्या वाट्यांची दे. ती आपल्या भट्टीतनं निघालीय. सात येळा."

मामानं माझ्याकडं बघितलं. आण्णांनी बघितलं. बजा ओट्यावर पाय हलवत बसला होता. "बोला डॉक्टर," तो म्हणाला.

मी म्हणालो, "एक चिमूट. जास्त नको."

बास. एवढंच बोललो. आणि मी वाट्यांच्या भुकटीचा डबा स्वतः उघडून दिला.

आण्णा चिमूट घेत नव्हते. चमचा घेत होते, सपाट भरून, ताकात. मला दिसायचं. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "आण्णा, जरा कमी." ते म्हणाले, "उशीर झालाय लेका, जरा जोरात घेतो." मी परत बोललो नाही. ताकाच्या तळाला करडा गाळ बसायचा. तो ते बोटानं पुसून चाटायचे. टाकायचं नाही ना काही.

बारा दिवस.

तेराव्या दिवशी सकाळी मी शटर उघडलं तर आण्णा भट्टीच्या खोलीत अंथरुणावर गुडघे पोटाशी घेऊन पडलेले. ते तिथंच झोपायचे. दात आवळलेले, आवाज बंद. मग एकदम उलटी झाली. चादरीवर, फरशीवर, माझ्या पायावर. करडी. सिमेंट कालवल्यासारखी. गोडसर वास. तो वास मी ओळखत होतो, रोज माझ्या तोंडात असायचा.

रिक्षात ते माझ्या मांडीवर डोकं ठेवून होते. "डॉक्टर," ते म्हणाले. मला म्हणाले. "पोटात कुणीतरी सांडशी फिरवतंय रे."

वेणुगोपाल डॉक्टरांनी पोट दाबलं. लाकडासारखं झालेलं. रक्त पुन्हा चेन्नईला पाठवलं आणि रिपोर्ट यायच्या आधीच ते म्हणाले की लक्षणं शिशाचीच आहेत आणि आधीपेक्षा फार वाईट. मग मामाला आणि मला बाजूला घेतलं.

"एक इंजेक्शन आहे. शिसं रक्तातनं ओढून लघवीवाटे काढतं. चेन्नईहून मागवलंय, तीन वाजेपर्यंत येईल, आलं की लगेच लावणार. पण मला एक खरं सांगा. ह्यांच्या पोटात काही गेलंय का? देशी औषध, भस्म, पूड, काहीही? कारण आतड्यात अजून शिसं पडून असेल तर हे इंजेक्शन उलटं काम करेल. पोटातलं सगळं रक्तात ओढून घेईल. मग माझ्या हातात काही राहणार नाही. तसं असेल तर आधी पोट साफ करायला लागेल."

"नाही डॉक्टरसाब," मामा म्हणाला. रडत होता. "शुद्ध शाकाहारी माणूस. माळकरी. चहासुद्धा बाहेर पीत नाही."

"औषध?"

"नुसतं कॅल्शियम."

"कॅल्शियम चांगलं," डॉक्टर म्हणाले. "तू? तू काही बघितलंस?"

मला विचारलं.

मामा खरं बोलत होता. त्याच्या डोक्यात ती राख म्हणजे कॅल्शियमच होती. सात वेळा भट्टीतनं निघालेली, डाग नसलेली. शिसं कुठं जातं हे त्यानं हजार वेळा बघितलं होतं आणि एकदाही विचार केला नव्हता, कारण त्याचं लक्ष चांदीवर असायचं. माझं तसं नव्हतं. मी गिऱ्हाइकांना रोज समजावून सांगायचो, आवडायचं मला सांगायला: शिसं घाण घेऊन वाटीत जिरतं. ती वाटी मी कुटायचो. ती भुकटी मी चाळायचो. बजा 'बोला डॉक्टर' म्हणाला त्याच क्षणाला मला माहीत होतं की ह्या डब्यात राखेपेक्षा शिसं जास्त आहे. नंतर कळलं असं नाही. तेव्हाच. मी तोंड उघडलं होतं ते सांगायलाच. आणि मग वाटलं, आता 'नको' म्हणालो तर हे विचारतील, का नको. शिसं आहे म्हणून. मग धुरात पण आहे का? आहे. मग तुझ्या गोळ्यांनी काय होतंय, भट्टी बंदच करायला पाहिजे की. होय. मग महिनाभर काय आमची मजा केलीस? म्हणून मी मात्रा ठरवून दिली. एक चिमूट.

"नाही," मी डॉक्टरांना म्हणालो. "मी काही नाही बघितलं."

मामानं मला दुकानावर पाठवलं. आण्णांचे कपडे आणायला. मी जिन्यापर्यंत गेलो तेव्हा तो मागनं आला, डोळे पुसत. आवाज खाली केला.

"इंद्या, फरशी पाण्यानं धुवू नको हां. आधी खरडून गोळा कर, डब्यात ठेव. चादरपण भिजवू नको, वाळत टाक, मग जाळू. वाटीतली राख हाय ती, चांदी असंल त्यात."

त्याला लाज वाटत होती. तोंडावर दिसत होती. तरी म्हणाला.

मी गेलो. शटर निम्मं वर केलं. खोलीत माश्या जमल्या होत्या. ओकारी कडेनं वाळायला लागली होती, मध्ये अजून ओली. मी पत्र्याची सुपली घेतली, छोटा ब्रश घेतला आणि गुडघ्यावर बसून गोळा करायला लागलो. फरशीच्या फटीतनं काढली. कोपऱ्यातनं काढली. ब्रश उभा धरला म्हणजे बारीक कण सुटत नाहीत, आण्णांनीच शिकवलेलं. डबा आणला. सुपली आपटून आपटून डब्यात झाडली. चादर उचलली, घडी अशी घातली की आतलं आत राहील.

सगळं करून झाल्यावर मला दिसलं की मी काय केलं. फरशी लख्ख होती. एक कण सोडला नव्हता. माणूस तिकडं मरायला टेकलाय आणि माझ्या हातांनी त्याच्या पोटातलं सगळं नीट वेचून ठेवलंय. कुणी डोक्यावर उभं नव्हतं. मामा नव्हता. माझेच हात.

मी डब्यात बघितलं. करडं, चिकट. त्यात बारीक चमकत होतं.

तिथंच ओकारी आली असती. मी तोंड दाबून बाहेर गटारापर्यंत पळालो. हसू नका, पण तेव्हासुद्धा टबाकडं वळलो होतो आधी.

मग डबा घेतला आणि तसाच पळत सुटलो. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले होते.

वॉर्डात आण्णा एकटे होते. मामा औषधाच्या दुकानात गेलेला. आण्णांच्या डाव्या हाताला सलाईन, उजवा पोटावर पालथा पडलेला. त्यांनी डोळे उघडले.

"आलास? माझी राख आण की रे. आज घ्यायची ऱ्हायली."

"आण्णा, त्या राखेत शिसं आहे."

"आं?"

"वाट्यांच्या राखेत. शिसं वाटीत जिरतंय ना. आगीनं जात नाही ते. तिथंच राहतंय. तुम्ही बारा दिवस शिसं खाल्लंय."

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, कळलं नसावं. मी पुन्हा सांगायला लागलो.

"कळलं," ते म्हणाले. "तीस वरसं वाट्या लावल्या मी. कळलं." पोटावरच्या पंजाकडं बघितलं. "माझ्या ध्यानात आलं नाही बघ. मला हाडाचंच पडलं हुतं." मग म्हणाले, "तुला कवा कळलं?"

आताच कळलं, असं सांगता आलं असतं. तोंडात आलंही होतं. डब्याला वास येत होता.

"तेव्हाच," मी म्हणालो. "चिमूट म्हणालो तेव्हाच."

आण्णांनी मान दुसरीकडं वळवली. खिडकीबाहेर एक बाई कपडे वाळत घालत होती, तिच्याकडं बघत राहिले. मग तसंच बघत म्हणाले, "जा. डॉक्टरला सांग. अधिकच्या समोर सांग."

मी सांगितलं. समोर सांगितलं. डॉक्टरांनी डबा हातात घेतला, झाकण काढलं, लावलं. नर्सला तेलुगूत काहीतरी सांगितलं आणि आण्णांचं स्ट्रेचर पळवत एक्सरेला नेलं. फोटो आला तो त्यांनी खिडकीला धरला. पोटाच्या काळ्या भागात पांढरे ठिपके. आतड्याच्या वळणावळणानं पसरलेले, शेकडो, दाट. "इंजेक्शन टोचलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले.

मामा फोटोकडं बघत होता. मग माझ्याकडं.

"तुला ठावं हुतं?"

"होय."

तो मारेल असं वाटलं. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं. तो दोन पावलं मागं सरला, पायाखाली काहीतरी घाण आल्यासारखा, आणि भिंतीला टेकून खाली बसला.

तीन दिवस पोट साफ करत होते. ते कसं करतात ते लिहीत नाही. सगळं मी उचललं, बादल्या मीच नेल्या, नर्सनं सांगितलं नव्हतं तरी. चौथ्या दिवशी फोटोत ठिपके नव्हते. मग इंजेक्शन सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला. हाताचं सांगता येत नाही. मामानं त्या दिवशी दुकानात जाऊन फॅनच्या भोकातलं पोतं काढलं, असं बजा सांगत आला. आणि भिंतीवरचा माझा कागद फाडला.

सहाव्या दिवशी डॉक्टरांनी जेवायची परवानगी दिली. मामीनं दहीभात पाठवला होता, मऊ, वर जिऱ्याची फोडणी. आण्णांना उशीला टेकवून बसवलं. डाव्या हाताला सुई तशीच होती. उजवा त्यांनी उचलायला बघितला, खांद्यापासून उठला, पंजा डब्यात आडवा पडला आणि बोटं भाताला लागून नुसती सरकली. दोनदा बघितलं त्यांनी. तिसऱ्यांदा नाही.

मी हात धुतले. साबण लावून, दोनदा. घास केला आणि त्यांच्या तोंडापाशी नेला.

"आण्णा."

त्यांनी तोंड उघडलं नाही. राग नव्हता चेहऱ्यावर. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. भूक लागलेली दिसत होती, गळ्याची घाटी वर-खाली झाली. पण ओठ मिटलेले. मी घास धरून तसाच उभा. बोटांवरनं दही मनगटाकडं ओघळायला लागलं.

"खावा की आण्णा," बजा दारातनं म्हणाला. "दहीभातच हाय."

आण्णांनी कोपऱ्यात बसलेल्या मामाकडं बघितलं.

मामा उठला. माझ्या हातातला डबा काढून घेतला. त्याच डब्यातला, त्याच भाताचा घास केला आणि पुढं धरला, आणि आण्णांनी लहान पोरासारखं तोंड उघडलं.